पुडीवरची शेवटची ओळ

सकाळी सव्वाआठला हॉस्पिटलमधून फोन आला तेव्हा मी तिच्यासाठी पेज गाळत होतो. सिस्टर म्हणाली, "काका, जरा लवकर येता का?" मी विचारलं, "गेली का?" ती म्हणाली, "तुम्ही या ना आधी." मी म्हटलं, "बाई, स्पष्ट सांगा. मला गोल गोल बोललेलं कळत नाही." मग ती म्हणाली, "हो काका. दहा मिनिटं झाली. झोपेतच गेल्या." मी गॅस बंद केला. पेज झाकून ठेवली, कशासाठी ते माहीत नाही. मग टेबलापाशी गेलो. टेबलावर दोन प्लायवुडच्या फळ्यांमध्ये भोकराची पानं वाळत घातली होती, वर वजन म्हणून माझा जुना लोखंडी वाइस, म्हणजे शिकंजा. या पानांखालचा कागद रोज सकाळी बदलायचा असतो. नाही बदलला तर पान काळं पडतं आणि त्याच्यावर भलतीच पांढरी बुरशी चढते, मग पानावर आधीपासून असलेली बुरशी कोणती आणि नंतरची कोणती ते कळत नाही. मी फळ्या उघडल्या, दमट वर्तमानपत्रं काढली, कोरडी घातली, वाइस परत ठेवला आणि मग चपला घातल्या. पाच-सात मिनिटं गेली असतील. लोकांना हे ऐकून विचित्र वाटतं. मुलीलाही वाटलं. पण मी गेल्या गेल्या रत्नाने पहिलं तेच विचारलं असतं, "कागद बदललात का?" आता ती विचारणार नव्हती... पण म्हणून कागद ओला ठेवायचा का?

त्याला आता दीड महिना झाला. रत्ना म्हणजे रत्नमाला साळवे, माझी बायको. मुलुंडच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या लॅबमध्ये एकतीस वर्षं अटेंडंट होती. ती दहावी पास, मी आठवी. मी अंधेरीच्या एमआयडीसीत टर्नर होतो, सगळी नोकरी लेथवर काढली. घर घाटकोपर पूर्वेला. पुण्यानुमोदनाच्या दिवशी बुद्धवंदना झाल्यावर तिच्या कॉलेजच्या सबनीस मॅडम बोलायला उभ्या राहिल्या. आमच्या नातेवाइकांना एवढंच माहीत की रत्ना कॉलेजात बाटल्या धुते. मॅडम म्हणाल्या, "भोकराच्या पानावर एक बुरशी आहे. रत्नाताईंनी ओळखेपर्यंत ती वेगळी आहे हे जगात कुणालाही ठाऊक नव्हतं." रत्नाचे थोरले भाऊ, वय ऐंशीच्या पुढे, माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "दाजी, बुरशी म्हणजे लोणच्यावर येते ती?" मी म्हटलं, "नाही हो, पानावरची." ते म्हणाले, "मग तिने काय केलं तिचं?" हा प्रश्न मला त्यानंतर बऱ्याच जणांनी विचारला. म्हणून हे लिहितोय. शुद्धलेखन मुलीने बघितलं आहे, मजकूर माझा.

तिने काय केलं ते सांगायचं तर आधी मायक्रॉनपासून सुरुवात करायला पाहिजे. लग्नाला चार वर्षं झाली होती, ती नुकतीच कॉलेजात लागली होती. एक दिवस भाकरी थापता थापता म्हणाली, "अहो, मायक्रॉन म्हणजे काय असतं?" मी चाट पडलो. हा माझा शब्द होता, कारखान्यातला. मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातला एक. आमच्याकडे बुशचं, म्हणजे दांड्याभोवती बसवायच्या लोखंडी नळीचं, भोक वीस मायक्रॉनने जास्त झालं तर जॉब भंगारात जायचा. मी विचारलं, "तुझ्या कॉलेजात काय बुश बनवतात काय?" ती म्हणाली, "बुरशीचं बी मोजतात. सर म्हणाले पन्नास मायक्रॉन आणि सगळ्यांनी मान डोलावली. मी पण डोलावली. मला काही कळलं नाही." दुसऱ्या दिवशी मी माझा मायक्रोमीटर घरी आणला, तिच्या वेणीतला एक केस घेतला आणि मोजला. सत्तर मायक्रॉन. म्हटलं, "हा तुझा केस. याच्या जाडीपेक्षा तुझं बी आखूड." तिने तो केस बराच वेळ बोटांत धरून बघितला. नंतर म्हणाली, "म्हणजे तुमचं आणि माझं काम एकच की." मला हसू आलं. मी लोखंड कापत होतो, ती काचा धुवत होती. पण त्या दिवसापासून आमच्या घरात जेवताना मायक्रॉनच्या गप्पा सुरू झाल्या. शेजारच्या घरात क्रिकेट चालायचं, आमच्यात हे.

काचा धुता धुता ती शिकली. तिथे तेव्हा एक वयस्कर सर होते, बुरश्यांचे जाणकार. माणूस वाईट नव्हता, पण मान वर करून समोर कोण आहे ते बघायची त्यांना सवय नव्हती. त्यामुळे ते मोठ्याने बोलत बोलत काम करायचे आणि रत्ना ऐकायची. पानावरच्या ठिपक्यावर पारदर्शक चिकटपट्टी हलकेच दाबायची, उचलायची, काचेवर निळ्या रंगाच्या थेंबात ठेवायची. ठिपक्यावर उगवलेल्या दांड्या आणि त्यांच्या टोकाच्या बिया त्या पट्टीला चिकटून येतात. हे काम तिच्या हाताला असं बसलं की पुढे सर म्हणायचे, पट्टी साळवेबाईंनाच लावू द्या. गळ्यात तिने काळ्या दोऱ्यात दहापट दाखवणारं छोटं भिंग अडकवलं. मंगळसूत्र आणि भिंग. एक मी घातलेलं, दुसरं तिने स्वतः घेतलेलं. बाजारात गेली तरी पालकाची जुडी भिंगाखाली धरायची. भाजीवाला वैतागून म्हणायचा, "मावशी, भाजी घ्यायची आहे की पंचनामा करायचाय?"

आता जरा नीट ऐका, कारण पुढचं सगळं यावर आहे. पानावर तपकिरी ठिपका दिसला की बुरशी असेल एवढं कोणीही सांगेल. पण कोणती, ते ठिपका बघून कळत नाही. बऱ्याच बुरश्यांचे ठिपके सारखेच, मधे राखाडी, कडेला गडद. सर्कोस्पोरा नावाचं एक मोठं घराणं आहे. पूर्वी पानावर ठिपका पाडणारी लांबट बियांची बुरशी दिसली की तिला त्याच घराण्यात टाकायचे, सरसकट. पुढे अभ्यासकांच्या लक्षात आलं की यातल्या अर्ध्याअधिक दुसऱ्याच घराण्याच्या आहेत. ओळखायचं कसं? बी दांडीपासून सुटतं तिथे त्याच्या बुडाशी एक खूण राहते. सर्कोस्पोरात ती खूण जाड आणि काळी असते, ठसठशीत. दुसऱ्या घराण्यात, त्याला स्यूडोसर्कोस्पोरा म्हणतात, तिथे ती खूण फिकी, पातळ, असून नसल्यासारखी. त्या खुणेला इंग्रजीत काहीतरी नाव आहे. रत्ना तिला बेंबी म्हणायची. "ठिपका बघू नका, बेंबी बघा," हे तिचं वाक्य. पुढे कॉलेजातल्या मुली पण तेच म्हणायला लागल्या.

कॉलेजात वाळलेल्या पानांची कपाटं आहेत. एकेक पान कागदाच्या पुडीत, पुडीवर चिठ्ठी. रकाने इंग्रजीत छापलेले, भरायचे हाताने, मी मराठीत सांगतो. झाड कोणतं, कुठे मिळालं, कोणी गोळा केलं, आणि शेवटची ओळ, ओळख कोणी पटवली. पुड्या घडी घालायचं काम रत्नाचं. कागदाची नेहमी ओरड, म्हणून मी कारखान्यातून रद्द झालेली ड्रॉईंग्ज आणून द्यायचो. चांगला जाड कागद, मागची बाजू कोरी. ती कोरी बाजू बाहेर ठेवून घडी घालायची. अशा हजारो पुड्या तिने घातल्या असतील. गोळा करणाऱ्याच्या ओळीत कधी मुलांची नावं, कधी सरांचं. एखाद-दोनदा तिचंही. शेवटच्या ओळीत कधीच नाही. एकदा घरी पुड्या घालत बसली असताना मी सहज विचारलं, "तुझं नाव कुठे येतं गं यात?" ती म्हणाली, "गोळा तर कोणीपण करतं. बकरी पण पानं गोळा करते." हातातली घडी पुरी केली. मग म्हणाली, "एकदा शेवटच्या ओळीत यायला पाहिजे." तिने आयुष्यात माझ्याकडे साडी मागितली नाही. हे एवढंच एक तिच्या तोंडून ऐकलं.

कॉलेजच्या सायकल स्टँडच्या मागे एक भोकराचं झाड आहे. उन्हाळ्यात रत्ना त्याची भोकरं आणून लोणचं घालायची, कच्च्या कैरीच्या किसात. त्या झाडाच्या पानांवर पावसाळा सरता सरता ठिपके यायचे. सरांच्या काळातली त्याची पुडी कपाटात होती, वर लिहिलेलं सर्कोस्पोरा. सर निवृत्त झाले, सबनीस मॅडम आल्या. एका दिवाळीच्या सुट्टीआधी कपाटं साफ करताना रत्नाने ती पुडी उघडली, झाडाची ताजी पानं आणली, पट्टी लावली आणि बघितलं. बेंबी काळी नव्हती. घरी येऊन म्हणाली, "सरांच्या पुडीवरची ओळख चुकली आहे." मी म्हटलं, "मग जाऊन सांग." ती म्हणाली, "मी अटेंडंट आहे हो." मी म्हटलं, "माझ्या कारखान्यात हेल्परने चूक दाखवली तर इंजिनियर मुकाट्याने जॉब परत मोजतो. नाही मोजला तर त्याचंच भंगार होतं." तीन दिवस ती नुसती घरात इकडून तिकडे करत होती. चौथ्या दिवशी सांगितलं.

सबनीस मॅडमचं मला कौतुक हे की त्या हसल्या नाहीत. "दाखवा," म्हणाल्या. बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि म्हणाल्या, "रत्नाताई, बरोबर आहे तुमचं. सरांचं पण त्यांच्या काळात चूक नव्हतं, तेव्हा सगळे तसंच लिहायचे. पण ही स्यूडोसर्कोस्पोरा आहे." हे नाव माझ्या जिभेवर बसायला मला वर्ष लागलं. मग मॅडमनी पुस्तक काढलं. भोकरावर त्या घराण्यातली एक बुरशी आधीच माहीत होती. मॅडम म्हणाल्या, "तीच असणार." रत्ना म्हणाली, "ती आखूड आहे मॅडम. पुस्तकात बी तीस ते पंचेचाळीस लिहिलंय. माझं पन्नासच्या खाली एकही नाही." तिथून खरं काम सुरू झालं. एका झाडावर, एका वर्षात लांब बी मिळालं तर त्याला कोणी विचारत नाही. दरवर्षी गोळा करायचं, मुलुंड, भांडुप, घाटकोपर, जिथे भोकर दिसेल तिथे. रविवारी मी पण जायचो, आकडी घेऊन. वॉचमन विचारायचे काय पाहिजे, मी सांगायचो, रोगट पानं. ते लगेच आत सोडायचे, चांगली नेत नाहीत ना म्हणून.

ती निवृत्त झाली तरी मंगळवार-शुक्रवार लॅबमध्ये जातच होती. नऊ पुड्या जमल्या. मग मागच्या दिवाळीआधी तिचं पोट दुखायला लागलं आणि तपासण्यांमध्ये जे निघालं ते निघालं. डॉक्टरने मला बाजूला घेतलं. मी म्हटलं, "तिलाच सांगा, ती मोजून घेईल." त्याने सांगितलं, साधारण वर्ष. रिक्षात बसल्यावर ती म्हणाली, "मॅडमना सांगते, लेख लवकर पाठवा म्हणून." नवीन बुरशी आहे असं म्हणायचं तर त्याचा लेख लिहून पाठवावा लागतो आणि दुसरे जाणकार तो तपासतात. त्यांनी पास केलं तरच ते नाव खरं. लेख गेला. मॅडमचं नाव आणि रत्नाचं नाव. दोन महिन्यांनी उत्तर आलं ते वाट लावणारं होतं. बेंबीबद्दल काही वाद नाही, म्हणाले, घराणं मान्य. पण मापं जुळत नाहीत. पहिल्या पाच पुड्यांमध्ये बी पन्नास ते सत्तर मायक्रॉन आणि नंतरच्या चार पुड्यांमध्ये बासष्ट ते सत्त्याऐंशी. एकच बुरशी असेल तर मध्येच लांब कशी झाली? एक तर या दोन वेगळ्या बुरश्या आहेत, नाही तर मोजणारा भरवशाचा नाही. अशी भाषा त्यांची नव्हती, ती माझी. त्यांनी गोड लिहिलं होतं. अर्थ तोच.

रत्ना दोन दिवस जेवली नाही, आणि तेव्हा तिने जेवणं फार गरजेचं होतं. मुलगी दिंडोशीहून आली, तिने समजावलं, "आई, सोड ना आता. तब्येत बघ." रत्ना म्हणाली, "तब्येत काय बघायची, ती कुठे चालली आहे ते माहीत आहे." मी तिची वही मागितली. आकड्यांची वही मला वाचता येते, तेवढं शिक्षण मला पुरतं. पाचव्या पुडीपर्यंत सगळं एका रांगेत, सहाव्यापासून एकदम उडी. झाड वाढतं तसं हळूहळू नाही, एकदम. कारखान्यात असं झालं की आम्ही जॉबकडे बघतच नाही, यंत्राकडे बघतो. मी विचारलं, "पाचव्या आणि सहाव्या पुडीच्या मध्ये काय बदललं?" म्हणाली, "काही नाही." "नीट आठव." थोड्या वेळाने म्हणाली, "नवीन मायक्रोस्कोप आला. पण आतली मोजायची पट्टी तीच आहे, जुन्यातली काढून नव्यात बसवली." मायक्रोस्कोपच्या डोळ्यात एक गोल काच असते, तिच्यावर बारीक घरं कोरलेली. बी किती घरं व्यापतं ते बघायचं आणि गुणायचं. मी विचारलं, "एका घराचे किती मायक्रॉन धरतेस?" म्हणाली, "अडीच." "कोणी सांगितलं?" "सरांनी. मी लागले त्या वर्षी." आणि मान वर करून अभिमानाने म्हणाली, "मला अडीचकी पाठ आहे. सव्वीस अडीच पासष्ट. कॉलेजातल्या मुलांना कॅल्क्युलेटर लागतो."

मला सगळं तिथेच कळलं. गावच्या शाळेत गुरुजींनी घोकून घेतलेली अडीचकी. तीस वर्षं ती घरं मोजत होती आणि अडीचने गुणत होती, आणि यंत्र बदललं तरी अडीचकी काही बदलली नव्हती. मी म्हटलं, "रत्ना, यंत्र बदललं की सेटिंग परत करावं लागतं. अडीच हे पट्टीचं माप नाही. पट्टी आणि यंत्र मिळून ते माप होतं. नव्यावर एक घर किती, ते बघितलंस का?" तिचा चेहरा पडला. मग जे बोलली ते मला अजून आठवतं. "आणि ते दीड निघालं तर? माझं बी चाळीसवर येईल. पुस्तकातलीच जुनी बुरशी निघेल ती. सगळं गेलं मग." मी म्हटलं, "गेलं तर गेलं." ती म्हणाली, "तुम्ही माझ्या बाजूचे आहात की त्यांच्या?" मी म्हटलं, "मी मापाच्या बाजूचा." आजारी बायकोशी असं बोलायचं नसतं, मला कळतं. पण एकेचाळीस वर्षं आम्ही खोटं माप एकमेकांना दिलं नव्हतं. ती भिंतीकडे तोंड करून झोपली. सकाळी उठून म्हणाली, "रिक्षा आणा. मुलुंडला जाऊ."

लॅबच्या कपाटात मखमली डबीत एक काच होती. तिच्यावर एक मिलिमीटर शंभर भागांत कोरलेलं, म्हणजे एक भाग बरोबर दहा मायक्रॉन. आमच्याकडे स्लिप गेज असतात तशीच ती, बाकी सगळी मापं जिच्यावर तपासायची अशी. ही डबी रत्ना दर महिन्याला पुसायची, उघडून वापरायचं काम तिचं नव्हतं. मॅडमनी मोजायची पट्टी परत जुन्या मायक्रोस्कोपात बसवली आणि ही काच आधी त्याच्याखाली ठेवली. दहा मायक्रॉनला चार घरं. म्हणजे सरांचं अडीच बरोबर होतं. मग पट्टी नव्यात बसवून काच नव्याखाली. मॅडम बघतायत, रत्ना स्टुलावर पोट धरून बसलेली, मी दाराशी. मॅडम म्हणाल्या, "रत्नाताई, तुम्हीच बघा." रत्नाने डोळा लावला. ओठ हलत होते, मोजत होती. तीनदा मोजलं. मग मान वर न करता म्हणाली, "पाच घरं." दहा मायक्रॉनला पाच, म्हणजे एक घर दोनाचं. मी तिथेच मनात हिशोब केला, तिची पंचवीस ते पस्तीस घरं, दुणे... पन्नास ते सत्तर. पहिल्या पाच पुड्यांचं माप बरोबर तेच. ना दोन बुरश्या, ना मोजणारीचा डोळा कच्चा. नऊच्या नऊ पुड्या एका मापात, आणि पुस्तकातल्या जुन्या बुरशीपासून लांब. मॅडम खाली बसल्या. रत्ना माझ्याकडे वळून म्हणाली, "बघितलंत? डोळा माझा बरोबरच होता." मी म्हटलं, "डोळा बरोबर होता, पाढा चुकला." ती म्हणाली, "पाढा पण बरोबर होता. चुकीच्या जागी म्हटला."

त्यानंतर तीन आठवडे आम्ही एक दिवसाआड मुलुंडला जात होतो. नऊ पुड्या परत मोजायच्या, प्रत्येकीतल्या तीस बिया. तिला फार वेळ बसवत नव्हतं. ती डोळा लावून आकडा सांगायची, मी वहीत लिहायचो. "सत्तावीस." "सत्तावीस." "एकतीस." "एकतीस." मी आकडा परत म्हणायचो, कारखान्यातली शिस्त. मध्येच म्हणायची, "हे नको धरू, तुटलेलं आहे." माझ्याशी ती आयुष्यभर अहो-जाहो बोलली, पण मायक्रोस्कोपला डोळा लावला की तिला समोर कोण आहे ते आठवायचं नाही, सरळ अरे-तुरे. मला ते फार आवडायचं. एका दुपारी तिने मला बघायला लावलं. पहिल्यांदा. निळ्या उजेडात बारीक, जरा वाकडी, फिकट कांडी. "बुडाशी बघ," म्हणाली. बघितलं. काळा ठिपका नाही, नुसतं सुटल्याचं... जसं काही तिथे कधी काही जोडलेलंच नव्हतं. मी म्हटलं, "काही दिसत नाही." ती म्हणाली, "काही दिसत नाही तेच बघायचं होतं."

सुधारलेली मापं गेली. मखमली डबीची हकीकतही मॅडमनी लेखात लिहिली, काही लपवलं नाही. बुरशीचं डीएनए दुसऱ्या शहरातल्या लॅबमध्ये तपासायला दिलं होतं, त्याचा निकाल त्याच सुमारास आला. त्यातलं मला काही कळत नाही. मॅडमनी एवढं सांगितलं की ही बुरशी वेगळी आहे असं यंत्राचंही म्हणणं पडलं. रत्ना म्हणाली, "बरं झालं, त्याला पण कळलं." वैशाखात मॅडमचा फोन आला. लेख पास. फोन स्पीकरवर होता. मॅडम रडत होत्या, रत्ना नाही. तिने विचारलं, "पुडीवर शेवटच्या ओळीत कोण?" मॅडम म्हणाल्या, "तुम्ही. तुमचं नाव आधी, मग माझं." रत्नाने फोन माझ्या हातात दिला, उठली, आणि स्वयंपाकघरातून बरणी काढली. त्या वर्षीची भोकरं मी काढून आणली होती आणि तिने पाटावर बसून लोणचं घातलं होतं. मला म्हणाली, पेढे आणायचे नाहीत. बिल्डिंगमध्ये बावीस घरं, प्रत्येक घरात वाटीभर भोकराचं लोणचं गेलं. लोक विचारायचे, "कशाचं आहे काकी?" ती सांगायची, "भोकराचं." "नाही हो, निमित्त कशाचं?" "भोकराचंच." तिला स्वतःला मीठ बंद होतं. बोट बुडवून चाटलं आणि म्हणाली, "झकास झालंय." मी अडवलं नाही.

मॅडमना त्या बुरशीला रत्नाचं नाव द्यायचं होतं. रत्नाने उडवून लावलं. "मी काय बुरशी आहे का? आणि लेखात माझं नाव आहे, आपलंच नाव आपण ठेवतो का? गावाचं द्या." म्हणून तिला मुलुंडचं नाव लागलं. मी म्हटलं, घाटकोपरला पण झाडं होती. ती म्हणाली, "तुमच्या घाटकोपरच्या पानावर दोनच ठिपके होते."

एक गोष्ट राहिली, ती सांगून थांबतो. नवीन बुरशीचं नाव एका ठरावीक पुडीला बांधलेलं असतं. नाव हवेत राहत नाही. ज्या पानावरून ते ठरलं ते पान एका मोठ्या संग्रहात कायमचं ठेवतात आणि पुढे जगात कुठेही कोणाला शंका आली तर त्याला येऊन त्याच पानाशी ताडून बघावं लागतं. रत्नाने सायकल स्टँडच्या झाडाची चौथी पुडी त्यासाठी दिली. संग्रहवाल्यांनी कळवलं, तुमचा कागद जुना आहे, पान आमच्या कागदात ठेवू. रत्नाने हॉस्पिटलच्या खाटेवरून मॅडमना सांगितलं, त्यांच्या कागदात खुशाल ठेवा, पण माझी पुडी घडीसकट सोबत ठेवा, वर माझं अक्षर आहे. त्यांनी मान्य केलं. मला वाटलं होतं अक्षरासाठीच हट्ट आहे. ती गेल्यावर मॅडमनी त्या पुडीचे फोटो मला दाखवले, बाहेरून आणि उघडून. बाहेर तिचं गोल गोल अक्षर, शेवटच्या ओळीत आधी र. साळवे, मग मॅडमचं नाव. आणि आतल्या बाजूला, पान असायचं तिथे, एक ड्रॉईंग. बुश, आतला व्यास पंचवीस मिलिमीटर, कोपऱ्यात तपासणाऱ्याच्या चौकटीत माझी सही. हजारो कागद आणून दिले होते मी, त्यातला हाच. तिने मुद्दाम निवडला की हाताला येईल तो घेतला, ते आता कळायला मार्ग नाही. मी मॅडमना म्हटलं, मुद्दाम. त्या म्हणाल्या, मुद्दामच.

त्या दिवशी सकाळी ज्या पानांचा कागद बदलला ती पानं आता कडक वाळली आहेत. आमच्या बिल्डिंगमागच्या झाडाची आहेत, मीच काढून आणली होती. काल त्यांची पुडी घातली. घडी तिच्यासारखी नाही आली, पण काटकोनात आहे. गोळा करणाऱ्याच्या ओळीत माझं नाव लिहिलं. शेवटची ओळ कोरी ठेवली, कारण बेंबी बघितल्याशिवाय तिथे काही लिहायचं नसतं आणि ते माझं काम नाही. मुलुंडला नेऊन देईन. मॅडम बघतील, उद्या त्यांच्यानंतर दुसरं कोणी बघेल. त्या ओळीत ज्याचं नाव यायचं असेल ते येवो. त्याला आधी रत्नाची पुडी उघडून बघावी लागेल. उघडली की आत माझा बुश दिसेल. पंचवीस मिलिमीटर, वीस मायक्रॉनच्या आत. तो जॉब पास झाला होता.